सुलतानाचा सुभेदार : मुहम्मद अली पाशा

वाचकहो, इजिप्त, म्हणजेच आपला मिसर, हे नाव काढले की पिरॅमिड, नाईल नदी, अल्-अझहरचे विद्यापीठ आणि सुएझचा कालवा एवढ्या गोष्टी चटकन डोळ्यांसमोर येतात. शाळेच्या इतिहासात नेपोलियनची मिसरवरील स्वारी येते आणि ती फसल्याचेही येते. पण फ्रेंच निघून गेल्यावर त्या देशाचे पुढे काय झाले, हा प्रश्न तासाची घंटा होताच मागे पडतो. या प्रश्नाच्या उत्तराचे नाव आहे मुहम्मद अली पाशा. या माणसाने चाळीसहून अधिक वर्षे मिसरवर राज्य केले. इस्तंबूलच्या उस्मानी सुलतानाचा चाकर म्हणवून घेत त्याने त्याच सुलतानाच्या फौजा एकामागून एक मोडल्या, सुलतानाचे सारे आरमार एक दिवस आपल्या बंदरात नांगरलेले पाहिले, आणि तरीही मरताना तो सुलतानाचा सुभेदारच होता. हे असे कसे झाले, ते आपण या लेखात पाहू.

मुहम्मद अलीचा जन्म इ.स. १७६९ च्या सुमारास कवाला येथे झाला. हे बंदर आज ग्रीसमध्ये आहे. त्या काळी तेथे उस्मानी अंमल होता. आपण नेपोलियनच्या जन्मसालीच जन्मलो, असे तो पुढे मोठ्या अभिमानाने सांगत असे. बाप रस्त्यांच्या राखणीसाठी ठेवलेल्या शिपायांचा लहानसा नायक होता. तो लवकर वारला, आणि पोरक्या मुलाला गावच्या हाकिमाने वाढविले. त्याच घराण्याच्या नात्यातील एका विधवेशी त्याचे लग्न झाले. तिच्याकडे थोडी मालमत्ता होती. त्या भांडवलावर त्याने तंबाखूचा व्यापार केला. मदरशाचे शिक्षण नाही, लिहिणे-वाचणे नाही. हिशेब मात्र तोंडी आणि पक्का. माल केव्हा घ्यावा, केव्हा दाबून ठेवावा आणि गिऱ्हाइकाची गरज किती आहे हे त्याच्या तोंडावरून कसे ओळखावे, ही विद्या त्याने या धंद्यात मिळविली. ती त्याला जन्मभर पुरली.

१८०१ साली फ्रेंचांना मिसरमधून काढण्यासाठी सुलतानाने फौजा जमविल्या, तेव्हा कवाल्यातूनही तीनशे शिपाई निघाले. मुहम्मद अली या तुकडीचा दुय्यम नायक होता. मुख्य नायक, म्हणजे हाकिमाचा मुलगा, थोड्याच दिवसांत घरी परतला आणि तुकडी याच्या हाती आली. (त्याच वर्षी फ्रेंचांविरुद्ध इंग्रजांची हिंदी फौज मुंबईहून जहाजांनी तांबड्या समुद्रातील कुसैर बंदरात उतरली होती. आपल्या किनाऱ्याचा आणि मिसरचा संबंध वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. तो पुढे पुन्हा येईल.)

फ्रेंच गेले, पाठोपाठ इंग्रजही गेले, आणि मिसरमध्ये बेबंदशाही माजली. शेकडो वर्षे देशाचा वसूल खाणारे ममलूक सरदार एका बाजूला, सुलतानाने पाठविलेला सुभेदार दुसऱ्या बाजूला, आणि पगार थकल्यामुळे बिथरलेले अल्बानियन शिपाई तिसऱ्या बाजूला. हुसरेव्ह पाशा नावाच्या सुभेदाराला १८०३ मध्ये या शिपायांनी कैरोतून हाकलून दिले. त्या बंडात मुहम्मद अलीचा हात होता. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. हुसरेव्ह पाशा तो अपमान कधीच विसरला नाही, आणि छत्तीस वर्षांनंतर त्याच वैराने इतिहासाला एक विलक्षण कलाटणी दिली.

या गोंधळात कैरोची रयत पार रडकुंडीला आली होती. १८०५ मध्ये सय्यिद उमर मकरम यांच्या पुढाकाराने उलेमा, व्यापारी आणि कारागीर एकत्र आले. त्यांनी त्या वेळच्या सुभेदाराला पदच्युत ठरवून मुहम्मद अलीला गादीवर बसविले आणि सुलतानाकडून त्याची सनद मागविली. सुलतानापुढे दुसरा मार्ग नव्हता. रयतेने आपला हाकीम आपण निवडावा, हा त्या काळी मोठा चमत्कारच होता. पण चारच वर्षांनी, १८०९ मध्ये, करांच्या प्रश्नावर उमर मकरम आडवे आले, तेव्हा याच हाकिमाने त्यांना कैरोतून दमिएत्ता येथे हद्दपार केले. ज्या शिडीने वर चढला ती त्याने काढून घेतली. मुहम्मद अलीचे गुणगान करणारे लेखक हा प्रसंग दोन ओळींत उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण त्यानंतर मिसरच्या रयतेला राज्यकारभारात कोणी विचारले नाही.

पुढची गोष्ट याहून भयंकर आहे. १ मार्च १८११ रोजी कैरोच्या किल्ल्यात समारंभ होता. मुलगा तूसून अरबस्तानच्या मोहिमेवर निघणार होता, त्याला मानाची वस्त्रे द्यावयाची होती. त्यासाठी ममलूक सरदारांना आमंत्रणे गेली. कॉफीपान झाले, मिरवणूक निघाली, आणि किल्ल्याच्या अरुंद उतारावर ममलूक पोचताच पुढचा दरवाजा बंद झाला व दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून गोळ्या सुटल्या. चारशेहून अधिक माणसे मारली गेली. एक सरदार घोड्यासह तटावरून उडी घेऊन वाचला, अशी दंतकथा आहे. पाहुण्यांना बोलावून मारणे कोणत्याच धर्मात आणि कोणत्याच नीतीत बसत नाही. तेव्हा राज्य त्याने कोणत्या मार्गाने निष्कंटक केले, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

त्यानंतर त्याने देशाचे सारे अर्थकारण मुठीत आणले. जमीनमहसुलाचे मक्ते रद्द केले, वक्फाच्या पुष्कळ जमिनींवर सरकारी हात ठेवला, आणि शेतकऱ्याने काय पेरावे, कोणाला विकावे आणि किती भावाने, हे पाशाची कचेरी ठरवू लागली. १८२० च्या सुमारास ज्युमेल नावाच्या एका फ्रेंच माणसाला कैरोतील एका बागेत लांब धाग्याची कपाशी आढळली. पाशाने तिचे मोल तत्काळ ओळखले. काही वर्षांतच नाईलच्या खोऱ्यात ती सर्वत्र पसरली, आणि इंग्लंडच्या गिरण्या तिच्यासाठी चढे भाव देऊ लागल्या. आपल्या वऱ्हाड-खानदेशातील वाचकांना लांब धाग्याचे महत्त्व सांगावयास नको. फरक एवढाच की तेथे कापूस शेतकऱ्याकडून स्वस्तात घेणारा व परदेशी व्यापाऱ्याला महाग विकणारा अडत्या खुद्द राज्यकर्ताच होता. तंबाखूवाला आपला धंदा विसरला नव्हता.

या पैशाचे त्याने काय केले? फौज उभी केली. सुदानमधून गुलाम धरून आणून शिपाई करण्याचा पहिला बेत फसला. ती माणसे हजारोंनी आजारी पडून मेली. याच सुदानच्या मोहिमेत त्याचा मुलगा इस्माईल याला १८२२ मध्ये शत्रूने जिवंत जाळले. मग पाशाने मिसरच्या शेतकऱ्यांचीच सक्तीची भरती सुरू केली. नेपोलियनच्या फौजेतील सेव्ह नावाचा अधिकारी त्यांना कवायत शिकवू लागला. पुढे तो मुसलमान होऊन सुलेमान पाशा झाला. शेतकऱ्यांना ही भरती मरणासारखी वाटे. बंदुकीचा चाप ओढता येऊ नये म्हणून तरुण उजव्या हाताचे बोट तोडून घेत. आयांनी आपल्या मुलांचा एक डोळा अधू केला. पाशाने अशा अपंगांच्याच पलटणी काढल्या. महमूदिया कालवा १८२० साली पुरा झाला. तो खणताना वेठीस धरलेली हजारो माणसे मेली. आज अलेक्झांड्रियाच्या भरभराटीचे श्रेय या कालव्याला देतात, ते खरेही आहे.

आता शिक्षणाकडे वळू, कारण आमच्यासारख्यांना पाशाचे आकर्षण वाटते ते यामुळेच. चाळिशी उलटल्यावर हा माणूस अक्षरे गिरवायला बसला आणि वाचायला शिकला. ज्यांनी प्रौढांना शिकविले आहे त्यांना ठाऊक आहे की त्या वयात पाटी धरताना हात जड होतो, आणि हाताखालच्या माणसांच्या देखत धरावयाची तर तो अधिकच जड होतो. बूलाक येथे १८२० च्या सुमारास सरकारी छापखाना सुरू झाला. १८२८ मध्ये ‘वकाई-ए-मिसरिया’ हे सरकारी वर्तमानपत्र निघाले. १८२७ मध्ये क्लो नावाच्या फ्रेंच डॉक्टरच्या हाताखाली वैद्यकीय शाळा निघाली. १८३२ मध्ये सुइणींची शाळा निघाली. तिला मुली मिळेनात, तेव्हा पहिल्या विद्यार्थिनी म्हणून गुलामांच्या बाजारातून मुली विकत आणल्या. त्या काळात स्त्रियांना आधुनिक वैद्यकाचे रीतसर शिक्षण देणारी ही शाळा होती, हे विसरता कामा नये. आणि तिच्या पहिल्या विद्यार्थिनी कोठून आल्या, हेही विसरता कामा नये.

१८२६ मध्ये चाळीसहून अधिक विद्यार्थी पॅरिसला पाठविण्यात आले. त्यांच्याबरोबर इमाम म्हणून रिफाअह अल्-तहतावी नावाचा अल्-अझहरचा पंचविशीतला तरुण आलिम होता. त्याचे काम नमाज पढविण्याचे आणि मुलांच्या वर्तनावर लक्ष ठेवण्याचे. पण पॅरिसला पोचताच त्याने स्वतःच फ्रेंच शिकण्यास आरंभ केला, आणि पाच वर्षांनी परतला तेव्हा बरोबर गेलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा हा इमामच सर्वांत मोठा विद्यार्थी ठरला. त्याने पॅरिसवर लिहिलेले पुस्तक १८३४ साली बूलाकला छापले गेले. पाशाने ते अधिकाऱ्यांत वाटले. १८३५ मध्ये भाषांची शाळा निघाली. तहतावी तिचा प्रमुख झाला आणि तेथून अरबी भाषांतरांची रीघ लागली. परदेशातून आलेल्या विद्यार्थ्यांना पाशा किल्ल्यात बसवून ठेवी आणि शिकलेल्या विषयावरचे पुस्तक भाषांतरित करून दिल्यावरच घरी सोडी, असे सांगतात. शिष्यवृत्ती घेऊन परत न फिरकणारे विद्यार्थी पाहिले की या उपायाची आठवण येते!

एक गोष्ट मात्र येथेच सांगितली पाहिजे. या साऱ्या शाळा फौजेसाठी होत्या. डॉक्टर पलटणींसाठी, इंजिनियर तोफखान्यासाठी, भाषांतरे कवायतीच्या पुस्तकांपासून सुरू. शाळेचा खर्च फौजेच्या हिशेबात, मुलांना गणवेश, खाणे आणि पगार. आईबाप मुलाला शाळेत घालण्यास घाबरत, कारण त्यांच्या दृष्टीने शाळा म्हणजे भरतीच होती.

इस्तंबूलला हे सारे दिसत होते. सुलतान दुसरा महमूद हा काही आळशी किंवा विलासी पातशहा नव्हता. आपल्याकडे काही पुस्तकांत त्याला तसे रंगवितात, तो अन्याय आहे. त्याच्या राज्याचा पसारा मोठा, शत्रू चोहोबाजूंनी, आणि जुनी जानिसारी फौज सुधारणेचे नाव काढताच बंड करणारी. १८२६ मध्ये त्याने ती फौज मोडून काढली. नव्या पलटणींना कवायत शिकविण्यासाठी त्याने आपल्या मिसरच्या सुभेदाराकडेच शिक्षक मागितले. सुभेदाराने गोड बोलून टाळले. त्यानंतर दोघांची जणू शर्यतच लागली. पाशाने १८२६ मध्ये विद्यार्थी पाठविले, सुलतानाने १८२७ मध्ये. वैद्यकीय शाळा दोघांच्याही १८२७ च्या. पाशाचे वर्तमानपत्र १८२८ चे, सुलतानाचे १८३१ चे. धन्याने चाकराकडून शिकावे आणि तेही चाकराला धाकात ठेवण्यासाठी, असा हा प्रकार होता.

वास्तविक पाशाने सुलतानाची चाकरी थोडी केली नव्हती. मक्का व मदीना ही पवित्र शहरे सुलतानाच्या हातून गेली होती. ती पाशाच्या मुलांनी परत मिळवून हजचा मार्ग मोकळा केला आणि १८१८ मध्ये त्याच्या इब्राहीम या मुलाने नज्दमधील दिरीया घेऊन ती मोहीम संपविली. ग्रीसमध्ये बंड झाले, तेव्हा सुलतानाने पुन्हा हाक मारली. इब्राहीम तेथेही गेला. परंतु २० ऑक्टोबर १८२७ रोजी नवारिनोच्या उपसागरात इंग्लंड, फ्रान्स आणि रशिया यांच्या संयुक्त आरमाराने तुर्की व मिसरी गलबतांचा काही तासांत चुराडा केला.   या साऱ्या नुकसानीची भरपाई म्हणून मुहम्मद अलीने शाम, म्हणजे सीरियाचा सुभा मागितला. लाकूड, रेशीम, माणसे, आणि मिसरच्या ईशान्येला भक्कम कुंपण, असे सारे तेथे मिळणार होते. सुलतानाने नकार दिला.

१८३१ मध्ये निमित्त मिळाले. भरती व करांना कंटाळून पळालेल्या सुमारे सहा हजार मिसरी शेतकऱ्यांना अक्क्याच्या हाकिमाने आश्रय दिला होता आणि तो त्यांना परत करीना. इब्राहीम तीस हजार फौज घेऊन निघाला. अक्क्याचा किल्ला पूर्वी नेपोलियनलाही १७९९ मध्ये न घेता आलेला. इब्राहीमने सहा महिने वेढा देऊन मे १८३२ मध्ये तो घेतला. सुलतानाने बाप-लेकांना बंडखोर ठरविले. जुलैमध्ये होम्स येथे आणि लगेच बेलेनच्या खिंडीत तुर्की फौजा मोडल्या. २१ डिसेंबर १८३२ रोजी कोनियाजवळ दाट धुक्यात लढाई झाली. इब्राहीमजवळ सुमारे पंधरा हजार माणसे, समोर वजीर-ए-आझम रशीद पाशाची त्याच्या तिपटीहून मोठी फौज. धुक्यात वाट चुकून खुद्द वजीर मिसरी तुकडीच्या हाती सापडला आणि लढाईचा निकाल लागला. इब्राहीम पुढे कुताहियापर्यंत गेला. इस्तंबूल आता काही मजलांवर होते, आणि मध्ये फौज नव्हती.

इब्राहीमला पुढे जावयाचे होते. बाप मात्र थांबविणारी पत्रे पाठवीत होता. वाचकहो, या जागी थोडे थांबले पाहिजे, कारण सारी मेख येथे आहे. मुहम्मद अलीच्या मिसरमध्ये जुम्म्याचा खुत्बा सुलतानाच्या नावाने होता, नाणी सुलतानाच्या नावाची होती. खलीफा तो होता, आणि पाशा त्याने दिलेल्या सनदेवर बसलेला होता. ती सनद दरवर्षी नवी करून घ्यावी लागे. सुलतानाला गादीवरून ओढले तर आपल्या स्वतःच्या खुर्चीखालचा पाटही निघतो, हे पाशाला दिसत होते. त्याला गादी नको होती. त्याला हवी होती ती खात्री, की आपल्यामागे मिसर आपल्या मुलांना मिळेल. आणि नेमकी तीच देणे धन्याच्या जिवावर येत होते.

इकडे सुलतानाने बुडत्याला काडीचा आधार तसा जुन्या वैऱ्याचा, रशियाच्या झारचा हात धरला. १८३३ च्या फेब्रुवारीत रशियन गलबते बॉस्फरसमध्ये येऊन उभी राहिली. ते पाहून इंग्लंड व फ्रान्स घाबरले आणि त्यांनी घाईघाईने तडजोड घडवून आणली. पाशाला शाम आणि अदानाचा कारभार मिळाला, पण कायमचा नाही. सुलतानाच्या मनातली जखम तशीच राहिली.

पुढची सहा-सात वर्षे इब्राहीम शामवर राज्य करीत होता. सुरुवातीला लोकांनी त्याचे स्वागत केले होते. ख्रिस्ती व यहुदी प्रजेला त्याने बरोबरीने वागविले, वाटा सुरक्षित केल्या. पण बापाच्या आज्ञेने भरती, मक्तेदारी आणि हत्यारे काढून घेणे सुरू होताच १८३४ मध्ये फिलस्तीनात व १८३८ मध्ये हौरानात उठावण्या झाल्या. मिसरच्या शेतकऱ्याने जे सोसले ते शामचा डोंगरी माणूस सोसणार नव्हता.

आता आपल्या किनाऱ्याचा संबंध. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मार्च १८३० मध्ये मुंबईहून निघाली आणि सुमारे महिन्याभरात सुएझला पोचली. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजांना इंग्लंड गाठायला चार-चार महिने लागत. तेव्हापासून विलायतेची टपाल मिसरमधून जाऊ लागली आणि मिसर हा हिंदुस्थानच्या वाटेवरचा दरवाजा झाला. त्या दरवाज्यावर एखादा दुबळा सुभेदार असलेला इंग्रजांना चालला असता. फौज, आरमार, कारखाने आणि पाठीशी फ्रान्सची मैत्री असलेला सुभेदार चालणारा नव्हता. पाशाच्या फौजा यमनमध्ये उतरल्या होत्या. जानेवारी १८३९ मध्ये मुंबई सरकारच्या फौजेने एडन बंदर काबीज केले. कोळशाचे ठाणे हवे होते हे खरे, पण पाशाच्या आधी तेथे पोचावयाचे होते हेही तितकेच खरे. पुढे जवळजवळ एक शतक एडनचा कारभार मुंबईहून चालला, आणि कोकणातील कितीतरी खलाशांना ते बंदर घरच्यासारखे झाले.

त्याआधी, ऑगस्ट १८३८ मध्ये इंग्लंडचा परराष्ट्रमंत्री पामर्स्टन याने सुलतानाशी एक व्यापारी करार केला होता. सुलतानाच्या साऱ्या राज्यातील मक्तेदाऱ्या बंद, आणि इंग्रजी मालावर जकात अगदी थोडी. सुलतानाने त्यावर आनंदाने सही केली, कारण मक्तेदारी होती ती मुख्यतः मिसरमध्ये. आपलेही कारखाने त्याच मालाने बुडतील, याचा विचार त्या घटकेला कोणी केला नाही. मला विचाराल तर पाशाचा पराभव झाला तो या कागदावर. पुढच्या लढाया ही त्याची अंमलबजावणी होती.

सुलतानाचा धीर सुटला. २४ जून १८३९ रोजी निझिप येथे त्याची फौज इब्राहीमवर चालून आली. पुढे जर्मनीचा सेनापती म्हणून गाजलेला मोल्टके त्या वेळी तुर्की छावणीत सल्लागार होता. त्याचा सल्ला कोणी ऐकला नाही. फौज काही तासांत उधळली. बातमी पोचण्यापूर्वीच १ जुलै रोजी सुलतान महमूद मरण पावला. गादीवर आला सोळा वर्षांचा अब्दुल मजीद, आणि वजीर-ए-आझम झाला तोच जुना हुसरेव्ह पाशा. तुर्की आरमाराचा प्रमुख अहमद फौझी पाशा याला हुसरेव्हची धास्ती होती. तो आपल्या जिवाला घाबरून सारे आरमार घेऊन निघाला आणि अलेक्झांड्रियाला येऊन ते मुहम्मद अलीच्या स्वाधीन केले. सुलतान नाही, फौज नाही, आरमार नाही. सत्तर वर्षांच्या पाशाच्या हातात आता सारे काही होते.

पण येथून पुढे खेळ त्या दोघांचा राहिला नाही. १५ जुलै १८४० रोजी लंडनमध्ये इंग्लंड, रशिया, ऑस्ट्रिया आणि प्रशिया यांनी सुलतानाच्या वकिलासह करार केला. दहा दिवसांत मान्य केले तर मिसर वंशपरंपरेने आणि अक्क्याचा मुलूख हयातीपुरता. नाहीतर अक्का गेला. आणखी दहा दिवस गेले तर मिसरचाही भरवसा नाही. पाशाने फ्रान्सच्या भरवशावर नकार दिला. फ्रान्सने भाषणे केली, फौजेची भरती केली आणि अखेर मंत्रिमंडळ बदलून हात झटकले. सप्टेंबरमध्ये बैरूतवर तोफा डागल्या गेल्या. लेबनॉनचे डोंगर पेटले. ३ नोव्हेंबरला इंग्रजी आरमाराने अक्क्यावर मारा केला, दारूचे कोठार उडून हजारावर माणसे गेली, आणि जो किल्ला घेण्यास इब्राहीमला सहा महिने लागले होते तो एका दिवसात पडला. त्या महिन्याच्या अखेरीस इंग्रजी गलबते अलेक्झांड्रियासमोर येताच पाशाने तह केला. आश्चर्य असे की या साऱ्या युद्धात हिंदुस्थानची टपाल त्याने एक दिवसही अडविली नाही. पोत्यांतील पत्रे आपल्याच वैऱ्यांची आहेत हे त्याला माहीत होते, आणि व्यापारी म्हणून उद्याचा दिवसही त्याला दिसत होता.

१८४१ च्या फर्मानांनी हिशेब पुरा झाला. आरमार परत, शाम परत. खंडणी चालू. फौज १८,००० पेक्षा अधिक नाही; ती एके काळी लाखाच्या वर होती. पण मिसरची सुभेदारी त्याच्या वंशात कायम. सारी जिंदगी ज्यासाठी झगडला ते मिळाले, आणि ते मिळविण्यासाठी जे जे उभे केले होते ते गेले. फौज कमी झाल्यावर फौजेला कापड पुरविणारे कारखाने ओस पडले, आणि फौजेच्या हिशेबात चाललेल्या शाळाही बंद होत गेल्या. बहुतेक प्राथमिक शाळांना टाळे लागले.

म्हाताऱ्याने तरीही हात टेकले नाहीत. नाईलवर धरण बांधण्याचा त्याला ध्यास होता. दगडासाठी पिरॅमिड पाडावेत अशी कल्पना निघाली, तेव्हा लिनाँ नावाच्या फ्रेंच इंजिनियरने खाणीचा दगड स्वस्त पडतो असा हिशेब मांडून ते वाचविले, असे सांगतात. व्यापाऱ्याला व्यापाऱ्याच्या भाषेत समजाविले! सुएझचा कालवा खणू देण्यास मात्र त्याने अखेरपर्यंत नकार दिला. बॉस्फरसपायी तुर्कस्तानचे काय झाले ते त्याने पाहिले होते. मिसरमध्ये त्याला दुसरा बॉस्फरस नको होता. त्याच्या मुलाने तो कालवा दिला, नातवाच्या काळात कर्ज वाढले, आणि १८८२ मध्ये इंग्रज फौजा मिसरमध्ये उतरल्या.

१८४६ मध्ये तो इस्तंबूलला गेला. सुलतान अब्दुल मजीदने या जुन्या बंडखोराचे मोठ्या सन्मानाने स्वागत केले. परतताना तो कवाल्याला उतरला आणि लहानपणचे घर पाहून आला. नंतर त्याची बुद्धी भ्रमली. १८४८ मध्ये कारभार इब्राहीमकडे आला, पण त्याच नोव्हेंबरात इब्राहीम वारला. म्हाताऱ्याला मुलाच्या मृत्यूचे कितपत उमगले कोण जाणे. २ ऑगस्ट १८४९ रोजी अलेक्झांड्रियात मुहम्मद अलीने देह ठेवला. कैरोच्या ज्या किल्ल्यात ममलूक मारले गेले, त्याच किल्ल्यातील त्याने बांधविलेल्या मशिदीत त्याची कबर आहे. त्याच्या घराण्याचे राज्य १९५२ च्या क्रांतीपर्यंत टिकले. उस्मानी सुलतानांचे त्याआधीच, १९२२ मध्ये संपले होते.

त्याच्यानंतर नातू अब्बास गादीवर आला. आजोबांच्या खटाटोपाची त्याला आवड नव्हती. त्याने भाषांची शाळा बंद केली आणि १८५० मध्ये तहतावीला सुदानात खार्तूम येथे एका प्राथमिक शाळेवर धाडले. ही एक प्रकारची हद्दपारीच होती. तेथल्या उन्हात बरोबरची काही माणसे दगावली. तहतावी मुलांना शिकवीत राहिला, आणि उरलेल्या वेळात त्याने एक फ्रेंच कादंबरी अरबीत आणली. १८५४ मध्ये अब्बास मारला गेला, तेव्हा तो कैरोला परतला आणि पुन्हा शाळा काढण्याच्या खटपटीला लागला.